पल्याडचं शिंग

शिंगाचा आवाज मध्येच तुटला, तेव्हा मी अंगणात मांदेली उलटत होते. दर वर्षी तो असा तुटत नसे. एक लांब सूर, मग हुंदके दिल्यासारखे तीन, मग बारीक बारीक तुकडे आणि शेवटी पुन्हा लांब सूर, असं ठरलेलं असायचं. त्या दिवशी तुकडे सुरू झाले आणि थांबलेच. मी हातातली मासळी तशीच धरून उभी राहिले. बाबांना काही झालं तर नाही ना, असं मनात आलं.

बाबा, म्हणजे नांदवलीचे हसाजी शापूरकर, दर वर्षी नव्याच्या सणाच्या, म्हणजे आमच्या वर्षारंभाच्या, आदल्या दिवशी खाडी ओलांडून आमच्या काठावर येत आणि तिवरांच्या आडोशाला उभं राहून शिंग फुंकून पाहत. फडताळात वर्षभर पडलेलं मेंढ्याचं शिंग आणि वर्षभर न फुंकलेले ओठ, दोघांनाही मोकळं करावं लागतं. नांदवलीत मात्र ते आधी कधी फुंकत नसत. आदल्या दिवशी लोकांनी ऐकलं तर सणाच्या दिवशी त्याची धार जाते, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी त्यांची पिशवी धरून मीही यायची. लग्न करून मी याच काठावर राहायला आले आणि मग ते तिवरांत, मी अंगणात, मध्ये एक बांध, असं सुरू झालं. चार वर्षं मी त्यांना नुसती ऐकत होते.

आम्ही बेने इस्राएल, इथले यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणायचं. मी जोमा कोळ्याशी लग्न केलं त्या आठवड्यात नांदवलीत माझं सुतक पाळलं गेलं. मी इथे ठणठणीत, चुलीवर भात रटरटतोय, आणि तिकडे आई-बाबा माझ्या नावानं जमिनीवर बसलेले. दाऊदकाका आमच्या जमातीचे मुकादम, सिनेगॉगचा सगळा कारभार त्यांच्या हातात. त्यांनी बजावलं होतं की हे नाव आता कोणाच्या तोंडी यायचं नाही. त्यांचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती, बाबांची तर नाहीच.

गंमत अशी की खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, जोमाच चालवायचा. बाबा यायचे ते जावयाच्याच होडीतून. ते पाण्याकडे तोंड करून बसायचे, जोमा वल्ह्याकडे पाहायचा, आणि दोघांत चकार शब्द नाही. घरी आला की जोमा म्हणायचा, "तुझ्या बापाचं डोस्कं मी पाठमोरं वळखतो, पन तोंड काय अजून नीट बगितलं नाय." यावर हसावं की रडावं, मला कळत नसे.

तर त्या दिवशी आवाज तुटला आणि थोड्या वेळानं बांधावरून बाबाच चालत आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात शिंग. सरळ माझ्या अंगणात.

"पाणी आहे का गं?" ते म्हणाले.

चार वर्षांनी पहिलं वाक्य हे. मी धावत आत गेले, तांब्या भरून आणला. त्यांनी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी समजले.

"नवा आहे, बाबा. घेतल्यापासून कोणाच्या ओठाला लागलेला नाही. तुमच्यासाठीच ठेवला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण तांब्या पार रिकामा केला. मग ओट्याच्या पायरीवर टेकले आणि पोटरी चोळायला लागले.

"गोळा आलाय पायात. जरा बसतो आणि निघतो."

माझा जीव एकीकडे नुसता नाचत होता आणि दुसरीकडे धाकधूक. बाबा माझ्या दारात बसलेत! आणि त्याच वेळी खाडीचं पाणी खाली चाललेलं. सण सूर्य बुडाला की लागतो, आणि एकदा लागला की आमच्यात नावेत पाय ठेवत नाहीत. म्हणजे त्यांनी आत्ता निघायला हवं. नांदवलीत शिंग फुंकणारे ते एकटे. दाऊदकाकांना येत असे, पण त्यांचे पुढचे दात गेले तसं त्यांचं शिंगही सुटलं. बाबा पोचले नाहीत तर अख्ख्या जमातीचा सण मुका जाणार, आणि नाव कोणाचं होणार? माझं. आधी पोरगी बाटली, आता बापालाही अडकवून ठेवलं, असं म्हणायला लोक मोकळे. माझं माहेर मला कधी परत मिळेल ही जी काही चिमूटभर आशा होती, ती त्या ओहोटीबरोबर चालली होती.

काठावरून जोमाची हाक आली. "मिल्के, पानी चाललंय! त्येंना सांग, आता नाय निंगालं तर होरी चिखलात बसंल!"

"बाबा, तर सुटतेय."

"ऐकलं मी."

"मग उठा ना. मी हात धरते."

"पायावर भार देववत नाही गं." आणि पुन्हा पोटरी चोळायला लागले.

मी काठापर्यंत गेले, परत आले. पुन्हा काठापर्यंत गेले. जोमानं थांबता येईल तेवढं थांबून पाहिलं, मग उतारू ओरडायला लागले तसा त्यानं वल्ह्याला हात घातला. तो त्यांना सोडून परत येईपर्यंत मधलं पाणी आटून नाल्याएवढं झालं होतं आणि दोन्ही बाजूंना काळा चिखल उघडा पडला होता. त्यात माणूस कमरेपर्यंत जातो. होडी बाहेरच ठेवून जोमा गाळातून कसाबसा वर आला आणि पहिल्यांदाच सासऱ्यापुढे उभा राहून म्हणाला, "रातच्या भरतीला सोडतो मी तुमाला."

"सूर्य बुडेल तोवर," बाबा म्हणाले. "मग मला नाही चालणार."

आणि सूर्य बुडाला. बाबांनी पिशवीतून शाल काढली, अंगावर घेतली आणि पश्चिमेकडे, यरुशलेमच्या दिशेला तोंड करून प्रार्थना म्हणायला लागले. माझ्या घरात, सुक्या मासळीच्या वासात. मी चुलीशी बसून ऐकत होते आणि मला शब्दन् शब्द येत होता.

प्रार्थना झाल्यावर त्यांनी जोमाला जवळ बोलावलं. त्यांच्या तोंडून जावयासाठी निघालेलं हे पहिलं लांबलचक बोलणं.

"तू पलीकडे जाशील तेव्हा दाऊदला सांग. म्हणावं, हसाजी अडकलाय, नावेत बसणार नाही. पण आशीर्वाद शिंग ऐकण्याचा आहे, बघण्याचा नाही. सकाळी सगळ्यांना घेऊन बंदरावर ये. मी इथून फुंकतो."

"आन नाय आलं तर?" जोमानं विचारलं.

"तर नाही आलं," बाबा म्हणाले.

जोमा गेला. मी बाबांसाठी नव्या पातेल्यात भात टाकला, त्यावर नारळाचं दूध. त्यांनी काही न विचारता खाल्लं. मला राहवेना.

"बाबा, शिंग फुंकायचं कशासाठी? देवाला ऐकू येत नाही का?"

"येतं की."

"मग? आपली आठवण राहावी म्हणून? चार वर्षं मी इथे आहे. त्याला माझी आठवण आली का?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्याचं तो विसरत नाही. आपले लोक या किनाऱ्याला लागले ते गलबत फुटून, हे तुला ठाऊक आहे. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, नावंसुद्धा इथली घेतली. उरलं काय? शनिवार आणि सण. नव्याचा, खिरीचा, दार लावून बसायचा. का पाळायचे तेही लोक विसरले होते, पण पाळत राहिले. आणि त्यानंही आपल्याला टाकलं नाही. सण असतात ते आपल्याला हे आठवावं म्हणून. देवाला तुझी आठवण होती गं. मलाच यायला उशीर झाला."

मला रडू आलं. मी पदर तोंडात धरला.

"ते बारीक तुकडे असतात ना शेवटी," ते पुढे म्हणाले, "तेरुआ. तो आवाज कसा काढायचा, हे आपल्या जुन्या गुरूंनी कशावरून ठरवलं ठाऊक आहे? एका आईच्या रडण्यावरून. लढाईवरून पोरगा परतायचा म्हणून ती खिडकीत बसून राहिली होती, आणि तो आलाच नाही. आणि तो पोरगा आपला नव्हता बरं का, आपला वैरी होता. तरी तिचंच रडणं माप म्हणून धरलं. मी फुंकतो तेव्हा ती आई माझ्या मनात असते. दुपारी फुंकताना तुझी आई आली. पुढे फुंकवेना."

जोमा परतला तेव्हा मी दारातच उभी होते. "काय म्हणाले दाऊदकाका?"

"काय नाय. ऐकलं आन दार लावलं."

"आणि आई?"

"उभी व्हती. बोलली नाय. मला पानी दिलं प्यायला." उंबऱ्याशी पाय पुसत तो म्हणाला, "घरातल्याच तांब्यानं."

सकाळी मी उजाडल्यापासून अंगण झाडत होते. झाडून झालं की पलीकडे पाहायची, बंदर मोकळं दिसलं की पुन्हा झाडायची. बाबा पांढरंशुभ्र धोतर नेसून, डोक्यावर टोपी, खांद्यावर शाल घेऊन ओट्यावर बसले होते. त्यांचा पाय अगदी ठीक चालत होता, पण मला तेव्हा कशाचंच भान नव्हतं. उन्हं चढली. पाणी वर यायला लागलं, तसा चिखल झाकत चालला. सिनेगॉगातली सकाळची प्रार्थना एव्हाना निम्मी झाली असणार.

"येणार नाहीत ते," मी म्हणाले.

"अजून वेळ आहे."

"तुम्हालाही आता घरात घेणार नाहीत, बाबा. माझ्यामुळे."

"तू तो झाडू आधी खाली ठेव," ते म्हणाले. "माझं डोकं फिरायला लागलंय."

मी झाडू ठेवला आणि वर पाहिलं, तर बंदराच्या पायऱ्यांवर सणाचं एक पांढरं लुगडं होतं. एकटंच. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही, पण आईची उभं राहायची ढब, एक हात कमरेवर, मला आंधळी झाले असते तरी ओळखता आली असती. तिच्यामागून आणखी एक आलं. मग चौघं, मग पोरंबाळं, म्हातारे, पांढऱ्या शाली पांघरलेले पुरुष. बघता बघता सगळी पायरी भरली. सगळ्यात शेवटी दाऊदकाका आले, काठी टेकत, खाली मान घालून.

बाबा शिंग घेऊन बांध उतरले आणि तिवरांपाशी, पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. दोन्ही हात तोंडाभोवती धरून त्यांनी हाक दिली, "ऐकू येतं का?"

पलीकडे दोघा-तिघांनी कानामागे हात धरले. वारा आमच्याकडून तिकडे जायचा तो तिवरांत अडत होता. बाबा पुन्हा ओरडले. आता दाऊदकाकांनी दोन्ही हात हलवले. त्यांचा आवाज मात्र पाण्यावरून स्पष्ट आला, मुकादमांचा आवाज तो.

"हाक अर्धीमुर्धी येते रे! शिंग अख्खं ऐकू यायला हवं! वर जा! उंचावर जा!"

"कुठे उंचावर?" बाबांनी विचारलं.

या काठावर उंच जागा एकच, आमचं अंगण. भरतीचं पाणी घरात येऊ नये म्हणून जोमाच्या आजोबांनी भर घालून उचललेलं. हे बाबांना दिसत होतं, मला दिसत होतं, पलीकडच्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

"मागे! ते घर आहे तिथे!"

"कोणाचं घर?"

पलीकडे कोणीतरी दाऊदकाकांच्या कानाशी लागलं. बाबा हातात शिंग घेऊन उभे, हलायला तयार नाहीत. आयुष्यात मुकादमांपुढे मान वर न केलेला माणूस.

"दाऊद!" ते ओरडले. "कोणाच्या घराकडे जाऊ, सांग! तू मुकादम आहेस. तुझ्या हुकमाशिवाय मी नाही जायचा!"

मला वाटलं, आता म्हातारा काठी आपटून सगळ्यांना परत नेणार. तशी त्यांनी काठी उचललीही. ऊन चढत होतं, आणि कुठल्यातरी तान्ह्या पोराचं रडणं पाण्यावरून येत होतं. मग दाऊदकाकांनी काठी शेजारच्याकडे दिली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळ्या जमातीदेखत ओरडले,

"मिल्काच्या अंगणात! मिल्काच्या अंगणात उभा राहा!"

बाबा वळले आणि बांध चढून वर आले. त्यांचे डोळे वाहत होते, पण चाल अशी की नवरदेवानं पाहत राहावं. अंगणाच्या मधोमध ते उभे राहिले. सुकवणीचे बांबू जोमानं भराभरा बाजूला केले.

"तूही ऐक," बाबा मला म्हणाले. "मनात धरून ऐक."

"मला चालतं का?"

"ऐकणाऱ्यानं मनात धरलं की त्याचं झालं. हा कायदा माझा नाही."

त्यांनी आशीर्वाद म्हटला. खाडीपलीकडून आमेन आलं, एकदम, सगळ्यांचं मिळून. मग शिंग वाजलं. तिवरांत अडलेलं मी चार वर्षं ऐकत होते, ते हे नव्हतंच. लांब सूर पाण्यावरून सरळ गेला आणि पलीकडच्या डोंगराला लागून परत आला. मग हुंदके. मग ते तुकडे. या वेळी बाबा मध्ये थांबले नाहीत. मी डोळे मिटले होते, पण पलीकडे कमरेवर हात ठेवून उभी असलेली बाई मला दिसतच होती, आणि मी गुडघ्यांत डोकं घालून मोठ्यानं रडले. जोमा बाजूला अवघडून उभा होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण त्यानं डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि हात जोडले.

सण दोन दिवसांचा. दुसऱ्या दिवशी कोणी निरोप धाडला नाही, तरी बंदर आधीच भरलं होतं. दाऊदकाकांसाठी कोणीतरी खुर्ची आणून ठेवली होती.

त्या दुपारी बाबा आत लवंडले होते आणि जोमा ओट्यावर जाळं विणत होता. एकाएकी तो आपल्याशीच हसायला लागला.

"काय झालं?"

"तुमचा नव्याचा सन कवा येतो?"

"अवसेला. चंद्र नवा व्हायला लागतो तेव्हा."

"दर साली?"

"दर साली."

"मंग दर साली त्या दिशी पानी येकाच टायमाला उतारतं. सूर्य बुडताना पार सुकी खाडी. हे माज्या बैलालाबी ठावं. तुझा बाप चाळीस वर्सं त्याच दिशी हितं येतोय. त्याला ठावं नाय?" त्यानं दोरा दातानं तोडला. "आन शिंग फुकाया आलेला मानूस पिशवीत सनाचं धोतर घेऊन येतो व्हय?"

मी आत गेले. बाबा जागेच होते.

"पायाचा गोळा कसा आहे, बाबा?"

"बरा आहे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या संध्याकाळी सण उतरला. तिसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला जोमानं होडी काढली. बाबा निघताना विशेष काही बोलले नाहीत. शिंग पिशवीत ठेवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोंडातल्या तोंडात काही म्हणाले आणि होडीत जाऊन बसले. या खेपेला जोमाकडे तोंड करून. मी काठावर उभी राहून होडी लहान होताना पाहत राहिले. नंतर घरात गेले तर घर खायला उठलं. भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. काय होईल तिकडे? दाऊदकाका बाबांना धारेवर धरतील? सणाची गरज सरली की नाव पुन्हा बंद? एकदा ओरडून घेतलं म्हणजे कायमचं झालं असं थोडंच आहे. माझं मन ठिकाणावर नव्हतं.

जोमाची शीळ ऐकू आली म्हणून बाहेर आले. होडी परत येत होती आणि तिच्यात पांढरं लुगडं होतं.

मी धावले ती चिखलात घोट्यापर्यंत जाऊनच थांबले. आई होडीची कड धरून उभी राहिली. हातातली पिशवी जोमाकडे दिली. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जशी लहानपणी शाळेतून आले की न्याहाळायची.

"मुकादमांना विचारून आलीस?" मी विचारलं. दुसरं काही सुचेचना.

"त्यांना काय विचारायचं? दोन दिवस सगळ्या जमातीनं तुझ्या अंगणातून सण करून घेतला." ती एक पाय बाहेर टाकत म्हणाली. "मी तर ह्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तर चुकवा म्हणून. दर वर्षी धोतर घडी करून पिशवीत भरून द्यायची. आणि दर वर्षी हे आपले तिवरांत फुंकून, धोतर घेऊन परत यायचे."

मी तिचा हात घट्ट धरला आणि तिला चिखलातून वर घेतलं.